सातव्या गल्लीचा ठोका

मागांवरचे धागे ओवून-जोडून देणाऱ्या दस्तगीर मुल्लाणीला कामावरून काढलं ते वैजाक्कानं. तेही भर कारखान्यात, चोवीस माग थांबवून.

"हात पुढं कर," ती म्हणाली.

दस्तगीरनं हात पुढं केले. पंचावन्न वर्षांच्या माणसाचे हात. चारचौघांत असे पुढं करायला लावले तर कुणाचेही कापतील. त्याचेही कापले.

"बघा अण्णा," वैजाक्का मालकाकडं वळली. "हे असं हाय. सोमवार-मंगळवार ह्यो रजेवर होता, एक धागा तुटला न्हाई. बुधवारी आला आन् दुपारपतोर दोनशे तुटले. आता मी काय म्हणू?"

"अक्का, बावीस वर्सं एका शेडात हाय आपुन," दस्तगीर हळू आवाजात म्हणाला. "माजा हात तुमाला आज कळाला व्हय?"

दस्तगीरनं धागा ओवायचा हूक खिशातून काढून तिच्या समोरच्या मागावर ठेवला आणि तो गेला. मालक भूपालअण्णा मगदूम यांनी घसा साफ केला आणि माग पुन्हा सुरू करायला सांगितले. अण्णा भला माणूस, पण अवघड जागी घसा साफ करण्यापलीकडं त्यांची धाव नव्हती.

वैजयंता बुगड, म्हणजे वैजाक्का, इचलकरंजीतली पहिली बाई जॉबर. मागाचं दुखणं ओळखून ते दुरुस्त करणारा तो जॉबर. ही विद्या तिला बापाकडून आली होती. पान्याचं एक टोक मागाच्या सांगाड्याला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. चालू मागाच्या खडखडाटात कुठला दात झिजलाय ते ती सांगायची आणि ते खरं निघायचं. आपला कान चुकत नाही याचा तिला गर्व होता. गर्वाचं घर खाली असतं हे बापानं शिकवलं होतं, पण ते तेवढं ती विसरली होती.

ऑर्डर होती गॉजची. जखमेवर बांधायचं विरळ, जाळीदार कापड. तालोआ नावाच्या बेटांच्या देशातून ती आली होती. सहा महिन्यांपूर्वी एका बड्या राष्ट्राची फौज तिथं 'शांतता राखायला' उतरली आणि तेव्हापासून तिथल्या इस्पितळांना पट्ट्या पुरत नव्हत्या. कंटेनर वसुबारसेला निघायचा होता. आणि धागा होता की रोज तुटत होता. वैजाक्कानं सूत बदललं, धाग्याला द्यायची कांजी बदलली. सूत गुंडाळलेल्या मागच्या बीमला दोरीनं टांगलेली वजनं असतात, ताण्याचे, म्हणजे उभे धागे त्यांच्यामुळं ताठ राहतात. तिनं तीही बदलली. वजनं बदलल्यावर दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. नेमके तेच दोन दिवस दस्तगीर रजेवर होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आणखी काय लागतं?

त्याच बड्या राष्ट्राची हेलव्हॉर नावाची एक वीज कंपनी होती. अण्णांचा कारखाना ज्या सातव्या गल्लीत होता, तिच्या तोंडाशी जी हिरवी पेटी उभी होती, ती तिचीच.

ही पेटी समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. हा ठोका पूर्वी मोठमोठ्या वीजकेंद्रांतली शेकडो टनांची फिरती चाकं सांभाळायची. एवढं वजन एकदा फिरायला लागलं की ते सहजासहजी हलत नाही, आणि म्हणून ठोकाही हलत नसे. पुढं कोळसा गेला, चाकं थांबली, छपराछपरावर सूर्यपट्ट्या आल्या. सूर्यपट्टीला स्वतःचा ठोका नसतो. ती दुसऱ्याचा ऐकून चालते. तेव्हा कुणीतरी ठोका द्यायला हवा होता. हेलव्हॉरनं तो देऊ केला. प्रत्येक गल्लीला एक हिरवी पेटी, पेटीत बॅटरी, आणि ठोका ठरवणारं एक यंत्र. पेट्या फुकट, वीज निम्म्या दरात, करार पंचवीस वर्षांचा. एकच बारीक अट होती. ठोक्याचं घड्याळ कंपनीच्या मुख्यालयात राहील, समुद्रापलीकडं. करार झाला त्या दिवशी गावानं पेढे वाटले. फुकटच्या गाईचे दात कुणी मोजत नाही.

गल्लीगल्लीची पेटी वेगळी, म्हणून ठोकाही गल्लीगल्लीला वेगळा देता येतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. पेट्या देणाऱ्यांच्या मात्र आलं होतं.

खंडेनवमी उजाडली. यंत्रमागाच्या गावात हा दिवस दसऱ्याहून मोठा. सगळे माग बंद. ते धुवायचे, पुसायचे, हळद-कुंकू लावायचं, हार घालायचा आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर खडखडणारं गाव त्या एका दिवशी इतकं गप्प होतं की नवख्याला भीती वाटावी.

आरती झाली, प्रसाद वाटला. वैजाक्कानं हत्यारं पूजेला मांडली होती. तिच्या बापाची एक रीत होती. पूजा झाली की जॉबरनं आपला पाना उचलायचा आणि थांबलेल्या प्रत्येक मागाला एकदा कान लावायचा. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं. वर्षभर तू बोललास, आज मी तुझं गप्प बसणं ऐकते, एवढंच. अण्णा या रीतीला दरवर्षी हसायचे.

पहिल्या मागाला तिनं पाना लावला आणि ती थबकली. कुठंतरी गुणगुणत होतं. शेडच्या लोखंडी खांबातून बारीक गुंजन येत होतं. विजेचं गुंजन नवं नव्हतं, पण ते एकसारखं हवं. हे हलत होतं. हूं-हं, हूं-हं. सेकंदाला दोनदा.

ती अनवाणीच गल्लीच्या तोंडाशी गेली आणि हिरव्या पेटीला पाना लावला. हूं-हं, हूं-हं. मग सहाव्या गल्लीच्या पेटीशी गेली. तिथं सरळ, सपाट आवाज. आठव्या गल्लीतही सरळ. गॉज फक्त सातव्या गल्लीत होतं.

माग चालू असताना हे कुणालाही ऐकू आलं नसतं, तिलाही नाही. आज कळलं, कारण कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत दसरा होता आणि खंडेनवमी नव्हती, म्हणून माग बंद असूनही पेटी ठोका हलवतच होती. चोरानं सगळं गाव हेरलं होतं, फक्त देवाचा दिवस विचारायचा राहिला होता.

तिला दस्तगीरचे पुढं केलेले हात आठवले. शरमेनं तिचं अंग तापलं आणि शरमेच्या मागोमाग राग आला. तो पुढं बरेच दिवस गेला नाही.

घरात दोघीच. वैजाक्का आणि तिची मुलगी ईश्वरी. ईश्वरी हेलव्हॉरमध्ये इंजिनिअर होती. पाचवी ते नववी अशा पाच गल्ल्यांच्या पेट्या तिच्या सहीनं चालायच्या. डिसेंबरात ती वर्षभराच्या शिक्षणासाठी मुख्यालयात जाणार होती. नवी बॅग आणून कपाटावर ठेवली होती.

"कानानं ऐकलंस म्हणून मी काय करू, आई?" ती आधी हसली.

"तुज्या त्या पाटीवर बघ. मग हास."

ईश्वरीनं कंपनीची पडद्याची पाटी उघडली. तिचं हसू गेलं. सातव्या गल्लीच्या नोंदीपुढं कुलूप होतं. कुलपामागं काय आहे ते दिसत नव्हतं, पण कुलूप कधी लागलं ते दिसत होतं. गॉजचं सूत मागावर चढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

"ती टांगलेली वजनं," ईश्वरी म्हणाली. "झोपाळ्यागत असतात गं ती. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटभर ढकललं तरी तो चढत जातो. ठोका एवढुसा हलवायचा, मोटर एवढुशी मागं-पुढं होणार, वजनं झुलायला लागणार, ताणा खेचला जाणार. जाड सूत दाद देत नाही. बारीक तुटतंय."

"आन् मी वजनं बदलली तवा?"

"पेटीला प्रत्येक माग ओळखू येतोय, तो वीज कशी ओढतोय त्यावरून. नवीन वजनाचा झोका शोधायला तिला दोन दिवस लागले असतील."

"दोन दिवस," वैजाक्का म्हणाली. "त्याच दोन दिवसांवर मी दस्तगीरचा गळा कापला. आता तू सांग सगळ्यांस्नी. तुजी सही हाय त्या पेटीवर."

"माझी सही आहे म्हणूनच बोलता येत नाही!" ईश्वरी उसळली. "पुरावा काय देऊ, कुलूप? ते म्हणतील पोरीनंच केलंय. पेटीला एक हातकळ असते, तिची किल्ली माझ्याकडं आहे. दुरुस्तीच्या वेळी बाहेरून ठोका जोडायचा आणि किल्ली फिरवायची, की पेटी मुख्यालयाचं ऐकायची थांबते. पण परवानगीशिवाय फिरवली की फौजदारी, करारातच आहे. माझं सगळं जाईल. तू गप्प बस, एवढी एकच गोष्ट मी तुझ्याकडं मागते."

"तितं माणसं मरायलीत, ईश्वरी."

"आणि इथं मी जगतेय, ते दिसतंय का तुला?"



दसऱ्याला हेलव्हॉरचे जनसंपर्क अधिकारी एल्मारसाहेब कारखान्यात आले. उंच, पिंगट केसांचा, सदरा घातलेला माणूस. पुण्यात राहून मराठी शिकलेला. त्याच्या मराठीत चूक काढायला जागा नव्हती, म्हणूनच ती ऐकताना अंगावर काटा यायचा. त्यानं सगळ्यांना आपट्याची पानं दिली.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," तो म्हणाला. मग अण्णांच्या शेजारी बसला. "मगदूमसाहेब, गॉजचा फार त्रास होतोय असं कानावर आलं. आमच्या ओळखीत जाड कापडाची मोठी ऑर्डर आहे, तीन वर्षांची. दुसऱ्यांच्या भांडणात आपण का पडावं?"

"धागा तुटतोय ते तुमच्या कानावर कुणी घातलं?" वैजाक्कानं विचारलं.

एल्मार तिच्याकडं वळून गोड हसला. "गाव लहान आहे, वैजाक्का. आणि गॉज फार नाजूक असतं. काही धागे तुटायचेच."

ठार मारीन अशी धमकी दिली असती तर परवडली असती. हा तर कुशल विचारून गेला.

तो गेल्यावर अण्णांनी घसा साफ केला. वैजाक्कानं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. खंडेनवमीला काय ऐकलं ते तिनं सगळं सांगितलं.

अण्णांनी हातातलं आपट्याचं पान उलटंसुलटं केलं. "खरं असेल हो. पण वैजाक्का, आपण चोवीस मागवाले. त्यांच्यासमोर आपली काय गत? सोडून देऊ या गॉज."

"अण्णा, शेडामागं तुमच्या आजोबांच्या ऑइल इंजिनाचं चाक पडलंय, ते द्या मला. पाच दिवस द्या. त्यावर ठोक्यापायी एक धागा जरी तुटला, तरी मी जॉबरकी सोडते."

"चाक? ते? त्याच्यावर बसून आपण चहा पितो!"

"आता उठायचं त्याच्यावरनं," वैजाक्का म्हणाली.

दीड टन ओतीव लोखंडाचं ते चाक. वैजाक्काचं गणित सोपं होतं. पेटीची वीज थेट मागांना द्यायचीच नाही. ती एका मोटरला द्यायची, मोटरनं चाक फिरवायचं, चाकानं जुना जनरेटर फिरवायचा आणि त्याची वीज मागांना द्यायची. पेटीनं मोटरला कितीही चिमटे काढले तरी एवढं वजन त्यांना भीक घालणार नाही. वीजकेंद्रांतली मोठी चाकं गेली म्हणून ठोका परक्याच्या हातात गेला होता. मग एक चाक परत आणायचं, बस्स.

पाचव्या दिवशी चाक उभं राहिलं. आता तुटल्या धाग्याची गाठ डोळे झाकून मारणारे हात हवे होते, कारण फार दिवस वाया गेले होते. वैजाक्का दस्तगीरच्या दारात गेली. तो खाटेवर बसला होता. बस म्हणाला नाही.

"माफी मागायला आलाय का काम सांगायला?"

"दोनीबी."

"मग काम न्या माघारी. आन् माफी हितं दारात नगं. जितं हात पुढं करायला लावलं तितं मागा. तेवड्याच माणसांसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजाक्कानं माग थांबवले. "मी चुकले," ती मोठ्यानं म्हणाली. "दस्तगीरचा हात चांगला हाय. माजा कान खोटा पडला. त्याच्यावर आळ घेतला तो मी." आणि तिनं स्वतःचे दोन्ही हात सगळ्यांसमोर पुढं केले. ते कापत होते. दस्तगीर दारात उभा होता. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. मागावर पडलेला आपला हूक उचलला, सदऱ्याला पुसला आणि तो कामाला लागला. माफ केलं असं तो तेव्हा म्हणाला नाही आणि नंतरही कधी म्हणाला नाही.

चाक फिरलं. पहिल्या दिवशी चोवीस मागांवर मिळून चार धागे तुटले, ते सुताचे दोष होते. आठ दिवस गॉज वाहत राहिलं. अण्णा चाकाजवळून जाताना त्याला नमस्कार करू लागले.

या आठ दिवसांत वैजाक्कानं आणखी एक गोष्ट केली आणि कुणालाही सांगितली नाही. जनरेटरपासून हिरव्या पेटीपर्यंत तिनं एक जाड वायर ओढून ठेवली. तिचं टोक पेटीपाशी गुंडाळून, वर पोतं टाकून.

नवव्या दिवशी सकाळी अकराला पेटी गप्प झाली. सगळी सातवी गल्ली एका क्षणात बंद पडली. पेटीच्या पडद्यावर अक्षरं आली, 'देखभालीसाठी बंद. सात दिवस.' वसुबारसेला तीन दिवस होते.

मोटरची वीज गेली तरी चाक फिरतच होतं आणि त्याच्या जोरावर मागही चालत होते.

"माग बंद करा!" वैजाक्का ओरडली. "सगळे! मोटरचा पट्टा उतरवा! चाकावरचा भार काढा!"

माग थांबले. भार उतरलेलं चाक नुसतंच घुमत राहिलं. पाच-सहा मिनिटं तरी ते फिरणार होतं, दर मिनिटाला थोडं मंद होत.

ईश्वरी पेटीपाशी धावत आली होती. बंदचा हुकूम तिला न विचारता आला होता, खाली सही मात्र तिची होती. तिनं पोतं बाजूला केलं, वायर बघितली आणि वळून आईकडं बघितलं.

"ही कधी ओढलीस?"

"आठ दिवस झाले."

"म्हणजे माझ्याकडून किल्ली फिरवून घ्यायचं तू आधीच ठरवलं होतंस. मला न विचारता." तिचा आवाज फाटला. "त्यांनी माझी सही न विचारता वापरली. तूही तेच केलंस. तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय, आई?"

पोरीचं बोलणं खरं होतं. मागून चाकाची घरघर ऐकू येत होती, मघापेक्षा खालच्या सुरात.

"फरक न्हाई," वैजाक्का म्हणाली. "मला भ्या वाटलं, तू नको म्हणशील. आता म्हण. नको म्हणलीस तर वायर मी माज्या हातानं काढते. पुन्ना इषय काढणार न्हाई."

ईश्वरी उभीच राहिली. गल्लीतली माणसं जमली होती. दस्तगीर शेडच्या दारातून ओरडला, "अक्का, चाक बसाय लागलंय!"

ईश्वरीनं डोळे पुसले. वायरचं टोक उचलून पेटीच्या खोबणीत बसवलं, गळ्यातली किल्ली काढली आणि फिरवली.

काही झालं नाही. मग पेटी एकदा खाकरली आणि गुणगुणायला लागली. तिला समुद्रापलीकडचा ठोका मिळत नव्हता. वायरीतून जो आला तो तिनं धरला, अण्णांच्या आजोबांच्या चाकाचा. गल्लीतल्या छपरांवरच्या सूर्यपट्ट्यांनी पेटीचं ऐकलं. एकेक दिवा लागला.

"मोटरचा पट्टा चढवा!" वैजाक्का शेडकडं धावली. पट्टा चढला, मोटरनं चाकाला जोर दिला. चाक गल्लीला ठोका देत होतं आणि गल्ली चाकाला वीज.

ठोका पन्नासाला थोडा कमी होता. माग जरा रेंगाळत चालले, पण चालले. वसुबारसेला कंटेनर निघाला.

हेलव्हॉरनं पहिल्यांदाच उघड पाऊल उचललं होतं. धागे तोडणाऱ्याला चोर म्हणता येत नव्हतं. अख्खी गल्ली बंद करणाऱ्याला सगळं गाव दरोडेखोर म्हणू लागलं. आठव्या गल्लीतली माणसं येऊन चाकाची मापं घेऊन गेली. कुणाच्या परसात, कुणाच्या बंद गुऱ्हाळात अशी चाकं गंजत पडलीच होती.

धनत्रयोदशीला सकाळी एल्मारसाहेब वैजाक्काच्या दारात आले. बरोबर दोन पोलीस आणि एक कागद. या वेळी त्यानं कुशल विचारलं नाही. ईश्वरीला चौकशीसाठी पुण्याला न्यायचं होतं. सातव्या गल्लीला सात दिवस वीज बंद करण्याचा हुकूम, कागदाप्रमाणे, तिच्याच सहीचा होता. आणि किल्ली फिरवणंही तिचंच. दोन्ही गुन्हे एकाच पोरीच्या नावावर.

"तुमच्या मुलीनं स्वतःहून केलं, वैजाक्का," एल्मार म्हणाला. "आमचं त्यात काय?"

"तुमाला मराठी कुणी शिकवली?" वैजाक्का म्हणाली. "त्याचं तळतळाट लागतील तुमाला."

तिनं पायात चपला सरकवल्या, पदर खोचला. पोरीबरोबर जायचं, वाटेत तिची क्षमा मागायची, दिवाळी गेली खड्ड्यात. ईश्वरी कपाटावरची नवी बॅग घेऊन बाहेर आली. परदेशी न्यायची बॅग पुण्याला निघाली होती.

"तू कुठं निघालीस?"

"तुज्यासंगं."

"नको." ईश्वरीच्या आवाजात माया नव्हती. राग जसाच्या तसा होता. "अजून तुझ्याशी बोलायची माझी इच्छा नाही. आणि ते चाक तुझ्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही. त्याचं बेअरिंग कधी गरम होतंय, कधी वंगण मागतंय, कुणाला कळणार? ते थांबलं की दुसऱ्या मिनिटाला ह्यांचा ठोका परत येईल. मग मी उगाच गेले असं होईल. तू चाकाजवळ बस."

जीप गल्लीच्या वळणावरून गेली. वैजाक्का तिच्यामागं धावली नाही. तिनं चपला काढल्या, शेडात गेली. दस्तगीरनं चाकाजवळ आधीच एक पाट आणून ठेवला होता. ती त्यावर बसली, पाना चाकाच्या बैठकीला लावला, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.